रुपें आणि रुपया

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं पुष्कळ मराठी घरांत एक जुनी डबी उघडली जाते. तींत मखमलीच्या तुकड्यावर दोन-चार रुपये जपून ठेविलेले असतात. कोणावर व्हिक्टोरिया राणीचें डोकें, तर कोणावर पंचम जॉर्जचें. ते ताम्हनांत मांडावयाचे, त्यांना हळदकुंकू वाहावयाचें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां डबींत घालावयाचे, एवढेंच त्यांचें काम आतां उरलें आहे. अशा वेळीं घरांतलें एखादें चौकस मूल हमखास विचारतें, "आजोबा, ह्याला रुपया कां म्हणतात?" आजोबांचें उत्तर ठरलेलें असतें : "रुप्याचा, म्हणून रुपया." मुलाचें तेवढ्यानें समाधान झालें तर ठीकच, परंतु तें आपल्या खिशांतलें पोलादी नाणें पुढें करून "मग हा कशाचा?" असें विचारील, तर आजोबांना चष्मा काढून विचार करावा लागेल.

"रुप्याचा म्हणून रुपया" हें उत्तर चूक नाहीं, पण तें अर्धें आहे. कारण त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो : रुप्याला तरी रुपें कां म्हणतात? ह्या दुसऱ्या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास असें आढळून येतें कीं, धातूवरून नाण्याला नांव मिळालें ही गोष्ट जितकी खरी, तितकीच नाण्यावरून धातूला नांव मिळालें हीहि खरी. आणि ह्यांपैकीं नाण्याची गोष्ट आधींची आहे.

संस्कृतांत ह्या धातूला नांवांचा तोटा नाहीं. अमरसिंहानें आपल्या कोशांत त्याचीं पांच नांवें दिलीं आहेत : रजत, रूप्य, श्वेत, खर्जूर आणि दुर्वर्ण. ह्यांतलें शेवटलें नांव ऐकून रुप्याची कींव येते. सोन्याला सुवर्ण, म्हणजे चांगल्या रंगाचें, म्हणावयाचें आणि त्याच्या शेजारीं बसणाऱ्याला दुर्वर्ण! वर्गांत दुसऱ्या आलेल्या मुलाला, तो पहिला आला नाहीं म्हणून, नापास ठरवावें, तसलाच हा न्याय. तथापि नांव ठेवणाराची बाजू अगदींच लंगडी नाहीं. रुपें हें सोन्यासारखें निर्विकार नव्हे. हवेंतल्या गंधकयुक्त वायूचा स्पर्श होतांच त्यावर काळें पूट चढूं लागतें. देवघरांतलें निरांजन सणावारीं घासून काढणाऱ्या गृहिणींना हें निराळें सांगावयास नको. दुर्वर्ण हा शब्द ज्यानें प्रथम योजिला, त्याच्या घरींहि असेंच एखादें काळवंडलेलें पात्र असावें.

रुप्याविषयींची ही कमीपणाची भावना फार जुनी आहे. तैत्तिरीय संहितेंत एक कथा आहे. देव आणि असुर ह्यांचें युद्ध जुंपण्याच्या वेळीं देवांनीं आपलें धन अग्नीपाशीं ठेव म्हणून ठेविलें. अग्नीला त्या ठेवीचा मोह पडला आणि तो ती घेऊन चालता झाला. देव जिंकून परत आले व त्यांनीं त्याच्याकडून तें धन बळानें हिसकावून घेतलें. तेव्हां अग्नि रडला. रडला म्हणून तो रुद्र झाला, आणि त्याचे जे अश्रु गळले त्यांचें रुपें झालें. सबब यज्ञांत रुपें दक्षिणा म्हणून देऊं नये. जो देईल त्याच्या घरीं वर्षाच्या आंत रडारड होईल, असें तेथें बजाविलें आहे. पुढें मीमांसकांनीं ह्या कथेचा मोठा खल केला. अग्नि खरोखर रडला होता काय, ह्याची चौकशी करीत बसण्याचें कारण नाहीं. रुपें दक्षिणेस देऊं नये हा निषेध मनावर ठसविण्यासाठीं केलेली ही निंदा होय, असा त्यांनीं निवाडा दिला. निवाडा शहाणपणाचा खरा. परंतु चंद्रासारख्या शीतळ दिसणाऱ्या धातूंत कोणाला तरी गोठलेले अश्रु दिसले, ही कल्पना त्या निवाड्यानें पुसली जात नाहीं.

देवकार्यांत वर्ज्य ठरलेलें हेंच रुपें पितृकार्यांत मात्र मोठ्या मानानें आलें. श्राद्धांत रुप्याचीं पात्रें प्रशस्त, असें स्मृतिकार सांगतात. सोनें देवांचें आणि रुपें पितरांचें, अशी ही वांटणी होती. आपल्याकडे सोनें पायांत घालीत नाहींत. जोडवीं, पैंजण, वाळे, तोडे हे सारे रुप्याचे. लक्ष्मी पायीं कशी तुडवावी, हा त्यांतला भाव. म्हणजे ज्याला वेदानें खालीं बसविलें, त्याला आपल्या बायकांनींहि पायाशींच ठेविलें. मात्र उष्टावणाच्या दिवशीं बाळाच्या ओठांना लागणारी पहिली वाटी त्याच धातूची असते.

आतां ह्या पांच नांवांपैकीं रजत घेऊं. रजत हा शब्द मुळांत नांव नव्हे, विशेषण होय. ऋग्वेदांत तो धातूला उद्देशून येत नाहीं, घोड्याला उद्देशून येतो. पांढरा, लखलखीत, एवढाच त्याचा तेथें अर्थ. वर सांगितलेल्या अश्रूंच्या कथेंतहि शब्द नुसता रजत असा नसून 'रजत हिरण्य' असा जोडीनें आलेला आहे. रजत हिरण्य म्हणजे पांढरें सोनें. धातूला अद्याप स्वतःचें नांव नव्हतें. सोन्याच्या नांवाला रंगाचें विशेषण लावून काम भागविलें जात होतें. पुढें विशेष्य गळून पडलें आणि विशेषणच नांव होऊन बसलें. ह्या शब्दाचे भाऊबंद दूरवर पसरले आहेत. ग्रीकांचा 'अर्गुरोस' आणि रोमन लोकांचा 'अर्गेंटम्' हे रजताचेच सख्खे. रसायनशास्त्रांत रुप्याची जी 'ए-जी' ही खूण वापरतात, ती ह्या अर्गेंटमचीच. आणि आपला अर्जुनहि ह्याच कुळांतला. अर्जुन म्हणजे शुभ्र. शेजारच्या कानडींत रुप्याला 'बेळ्ळि' म्हणतात आणि तमिळांत 'वेळ्ळि'. भाषाकूळ वेगळें, पण अर्थ पुन्हां पांढरें हाच. इंग्रजी 'सिल्व्हर' आणि त्याचीं जर्मन व रशियन भावंडें मात्र ह्या घराण्यांतलीं नव्हेत. तीं कोठून आलीं ह्याबद्दल पंडितांत एकमत नाहीं. कांहीं जण त्यांचा संबंध प्राचीन बाबिलोनच्या भाषेंतील 'शुद्ध केलेलें' अशा अर्थाच्या शब्दाशीं लावतात. रुपें बहुधा शिशाच्या दगडांतून, आगींत शिसें जाळून, वेगळें काढावें लागतें हें लक्षांत घेतलें म्हणजे तो तर्क अगदींच वायफळ वाटत नाहीं.

चांदी हा शब्द चंद्रापासून आला, हें चांदणें आणि चांदवा ह्यांच्या शेजारीं तो ठेवून पाहिला म्हणजे कोणालाहि उमगेल. पण येथें एक गंमत आहे. वैदिक शब्दांची 'निघंटु' नांवाची जी जुनी यादी आहे, तींत 'चंद्र' हें नांव सोन्याच्या नांवांत दिलेलें आहे! चंद्र म्हणजे चकाकणारें. जें चकाकेल तें चंद्र, मग तें पिंवळें असो कीं पांढरें. म्हणजे चंद्राचें नांव आधीं सोन्यानें वापरलें आणि मग तें रुप्याच्या वांट्यास आलें, जसा थोरल्या भावाचा कोट धाकट्याच्या अंगावर यावा.

रजत काय, श्वेत काय किंवा चांदी काय, हीं सारीं नांवें डोळ्यांना जें दिसलें त्यावरून पडलेलीं आहेत. 'रूप्य' हें नांव तसें नाहीं. ह्या शब्दाची फोड पाणिनीनें करून ठेविली आहे. 'रूप' ह्या शब्दापासून 'रूप्य' हा शब्द दोन अर्थीं होतो, असें तो सांगतो : एक, ज्याचें रूप प्रशंसनीय आहे असा, आणि दुसरा, ज्यावर रूप ठोकलेलें आहे असा. काशिकावृत्तीचे कर्ते पहिल्या अर्थाचें उदाहरण सुंदर पुरुषाचें देतात, तर दुसऱ्याचें उदाहरण दीनार आणि कार्षापण ह्या नाण्यांचें; आणि हातोडीनें ठोकून नाण्यावर जी आकृति उठते तिला येथें रूप म्हणावयाचें, असा खुलासाहि करितात. रूप म्हणजे ठसा. रूप्य म्हणजे ठसा मारलेलें.

पाणिनीच्या वेळचीं नाणीं कशीं होतीं हें आज पाहावयास मिळतें, कारण तसल्या नाण्यांचे सांठे हिंदुस्थानभर सांपडले आहेत. रुप्याचा पातळ पत्रा घेऊन त्याचे तुकडे कापावयाचे, वजनाला जास्त भरला तर कोपरा छाटावयाचा, आणि मग त्यावर एकेक करून निरनिराळे ठसे मारावयाचे : सूर्य, झाड, टेंकडी, हत्ती, बैल, षट्कोनी चक्र. राजाचें नांव नाहीं, साल नाहीं, अक्षर नाहीं. जें आहे तें रूपच. वजन बत्तीस गुंजा. हाच कार्षापण. अशा नाण्याच्या गिऱ्हाइकाला अक्षरओळख नसली तरी चालत असे. मात्र रूपांची ओळख पाहिजे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पाडणारा अधिकारी वेगळा आणि तीं पारखणारा 'रूपदर्शक' वेगळा, असे दोन हुद्दे आहेत. रुप्याच्या पणांत चौथा हिस्सा तांबें घालावें, हेंहि तेथें सांगितलें आहे. तेव्हां त्या काळचें रूप्य म्हणजे निर्भेळ रुपें होतें, असें समजण्याचें कारण नाहीं.

ही रूपांची विद्या मुलांना शिकवीत असत. पालि विनयपिटकांत राजगृहांतल्या एका आईबापांची गोष्ट आहे. आपल्यामागें आपल्या उपालीचें कसें होईल, ह्याची त्यांना चिंता. लेखन शिकवावें तर त्याचीं बोटें दुखतील. गणित शिकवावें तर त्याची छाती दुखेल. 'रूप' शिकवावें तर त्याचे डोळे दुखतील. हें रूप म्हणजे चित्रकला नव्हे. नाणीं उलटींपालटीं करून त्यांची पारख करण्याची ती विद्या होती, असा अर्थ जुन्या टीकाकारानें दिला आहे. शेवटीं आईबाप मुलाला भिक्षु करावयाचें ठरवितात, कारण भिक्षूंना खाणेंपिणें सुखाचें असतें! अडीच हजार वर्षांपूर्वींच्या पालकांचा हा विचार ऐकून आजच्या पालकांना परकें वाटणार नाहीं. ओरिसांतल्या हाथीगुंफेच्या शिलालेखांत खारवेल राजानें लहानपणीं लेख, रूप आणि गणना ह्यांत प्रावीण्य मिळविल्याचें सांगितलें आहे, तेंहि रूप हेंच असावें.

आतां मूळ मुद्द्याकडे येऊं. 'रूप्य' म्हणजे ठसा मारलेलें, तर मग तें एका विशिष्ट धातूचें नांव कसें झालें? ह्याचें उत्तर अमरकोशांतच मिळतें, आणि तें असें मिळतें कीं कोशकारानें जणूं दोन्ही पावलांचे ठसे जपून ठेविले आहेत. एके ठिकाणीं तो म्हणतो कीं, सोनें आणि रुपें हीं दोन्ही ठसा मारलेलीं असलीं म्हणजे त्यांना रूप्य म्हणावें. येथें रूप्य म्हणजे नाणें. धातु कोणताहि असो. त्याच्या पुढें थोड्याच श्लोकांवर तोच कोशकार रूप्य हें रजताचें नांव म्हणून देतो. एकाच पुस्तकांत, एकाच वर्गांत, एकाच शब्दाचे दोन अर्थ. एक मागचा आणि एक पुढचा. आपल्या देशांत त्या जुन्या काळीं ठसा मारलेला जो तुकडा हातोहात फिरे, तो बहुधा रुप्याचाच असे. म्हणून 'ठसा मारलेलें' ह्याचा अर्थ हळूहळू 'ज्यावर ठसा मारतात तें' असा झाला, आणि अखेरीस ठसा नसलेल्या लगडीलाहि लोक रूप्य म्हणूं लागले. रूप्याचें प्राकृतांत 'रुप्प', आणि मराठींत रुपें. सुंदर रूपामुळें रूप्य, असेंहि मत आहे. पाणिनीनें तो अर्थ दिलेलाच आहे. परंतु सौंदर्यच पाहावयाचें तर सोन्याला तें नांव आधीं मिळावयास हवें होतें. सोन्याला मिळालेलें नांव आहे 'जातरूप', म्हणजे जन्मतःच रूप घेऊन आलेलें. एकाचें रूप उपजत, आणि दुसऱ्याचें हातोडीनें आणलेलें. जो धातु दुर्वर्ण म्हणून हिणवला गेला, त्याचें नशीब ठशानें काढलें.

ह्याच्या उलट दिशेचा प्रवासहि त्याच काळांत चाललेला होता. बौद्ध भिक्षूंनीं सोन्यारुप्याला हात लावूं नये असा विनयाचा नियम आहे, आणि त्यांत शब्द आहेत जातरूप आणि रजत. पण रजताची व्याख्या तेथें कशी केली आहे पाहा : कार्षापण, तांब्याचा मासा, लांकडाचा मासा, लाखेचा मासा, थोडक्यांत व्यवहारांत जें जें चालतें तें सर्व रजत! लांकूड आणि लाख ह्यांना रुपें म्हणण्याचें हें धाडस कायदा करणाराला करावें लागलें, कारण पळवाट शोधणारे त्या वेळींहि होतेच. रुप्याचें नांव असें पैशाला चिकटणें हें पुढें जगभर दिसतें. फ्रेंच माणूस रुप्याला आणि पैशाला एकच शब्द वापरतो, ज्यू लोकांच्या हिब्रूंतहि तसेंच आहे, आणि चिनी भाषेंत पेढीला जो शब्द आहे त्याचा अक्षरशः अर्थ रुप्याचें दुकान असा होतो. दक्षिण अमेरिकेंत तर एका अख्ख्या देशाचें नांव अर्गेंटमवरून अर्जेंटिना असें पडलें. रुप्याच्या आशेनें ठेविलेलें तें नांव. रुप्याचा खरा डोंगर निघाला तो दूर उत्तरेस, आतांच्या बोलिव्हिया देशांत, पोटोसी येथें.

आपल्या महाराष्ट्राकडे वळल्यास रूप आणि रुपें ह्यांच्या नात्याचा सर्वांत बोलका पुरावा नाशिक जिल्ह्यांत मिळाला आहे. १९०६ सालीं जोगळटेंभी येथें रुप्याच्या नाण्यांचा एक मोठा सांठा सांपडला. नाणीं तेरा हजारांहून अधिक, आणि सारीं मूळचीं क्षहरात नहपानाचीं. त्याच्या नाण्यावर एका बाजूस त्याचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूस बाण व वज्र असतें. परंतु ह्यांतल्या नऊ हजारांवर नाण्यांवर दुसरेंच रूप ठोकलेलें आढळलें : तीन कमानींची टेंकडी आणि उज्जयिनीचें चिन्ह, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीचे ठसे. नहपानाचा पराभव केल्यावर गौतमीपुत्रानें त्याचीं नाणीं वितळविलीं नाहींत. रुपें तेंच ठेविलें, वजन तेंच ठेविलें, फक्त वर आपलें रूप उठविलें. कांहीं नाण्यांवर नव्या टेंकडीखालून नहपानाचें नाक अजून डोकावतें. क्षहरातांचा वंश निखंदून काढला असें गौतमी बलश्रीनें नाशिकच्या लेण्यांत कोरविलें आहे. तें वाचण्यास लेण्यापर्यंत चढून जावें लागे, पण हा कोरलेख प्रत्येकाच्या कनवटीला होता.

ह्याच नहपानाचा जांवई उषवदात. त्यानें नाशिकच्या भिक्षुसंघासाठीं तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींत कायमचे ठेविले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि एक हजारावर पाऊण टक्का व्याज ठरलें. एका सुवर्णाला पस्तीस कार्षापण हा भावहि त्यानें दगडावर कोरून ठेविला आहे. आणि त्याच्याहि आधीं नाणेघाटांत सातवाहनांच्या राणीनें आपल्या घराण्याचे यज्ञ आणि त्यांच्या दक्षिणा नोंदविल्या, तेव्हां गाई, घोडे, हत्ती ह्यांच्या बरोबरीनें हजारों कार्षापणांचे आंकडे आले. कार्षापण बहुधा रुप्याचेच; आणि दक्षिणा तर यज्ञाचीच. अग्नीच्या अश्रूंचा धाक तोंवर पार ओसरला होता, असें म्हणावें लागतें. रजत म्हणून जें देतां येत नव्हतें, तें रूप लेवून आलें तेव्हां ऋत्विजांनीं खुशाल घेतलें.

'रुपया' हें नांव धारण करणारें नाणें त्यानंतर पुष्कळ शतकांनीं आलें. दिल्लीच्या सुलतानांचा रुप्याचा टंका होता. शेरशहा सूर ह्यानें १५४० ते १५४५ ह्या आपल्या थोड्या कारकीर्दींत सुमारें १७८ ग्रेन वजनाचें नाणें पाडलें आणि त्याला 'रुपिया' हें नांव रूढ झालें. दरबार फारशी, मजकूर अरबी-फारशी, पण नांव मात्र रूप्याचें. आणि कित्येक नाण्यांवर शेरशहाचें नांव नागरी अक्षरांतहि आहे. मोंगलांनीं तेंच वजन चालविलें. पोटोसीच्या डोंगरांतलें रुपें १५४५ पासून निघूं लागलें, आणि त्यांतलें पुष्कळ युरोपच्या वाटेनें सुरतेच्या बंदरांत उतरून, टांकसाळींत वितळून, बादशहाच्या नांवाचें रूप घेऊन बाहेर पडूं लागलें. आपल्या देशांत रुप्याच्या खाणी थोड्या. जें आलें तें मालाच्या बदल्यांत समुद्रावरून आलें.

पेशवाईंत रुपये अनेक झाले : अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, सुर्ती. ह्यांतल्या कित्येकांवर शहा आलम बादशहाचेंच नांव असे. रुपें मराठ्यांचें आणि रूप दिल्लीचें. प्रत्येकाचा भाव निराळा, आणि एका गांवचा रुपया दुसऱ्या गांवीं चालवितांना सराफ बट्टा कापून घेत असे. सारा भरणाऱ्या कुणब्याला ह्या बट्ट्याचा चिमटा वर्षातून एकदां तरी बसेच. त्या दिवसांनीं आपल्या भाषेंत कायमचें घर केलें आहे. नांवाला बट्टा लागतो, माणूस खणखणीत असतो, नाणें वाजवून घ्यावें लागतें, खोटें असेल तें बद्द वाजतें. बंदा रुपया म्हणजे न मोडलेला रुपया. पण बंदा रुपया म्हणून एखाद्या गृहस्थाची ओळख करून दिली, तर त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावयास हरकत नसते. कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. पाठ्यपुस्तकांतून इतिहास पुसला गेला तरी बोलण्यांतून तो इतक्या सहजासहजीं जात नाहीं.

कंपनी सरकारनें १८३५ सालीं ही बजबजपुरी मोडली आणि सर्व मुलखाला एक रुपया केला : वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा, त्यांतले १६५ ग्रेन निखळ रुपें. सोनाराच्या तराजूंत तो वजन म्हणूनहि चालूं लागला; ऐंशी रुपयेभार म्हणजे एक शेर. कोणीहि आपल्याजवळचें रुपें टांकसाळींत न्यावें आणि थोडी मजुरी देऊन त्याचे रुपये पाडून आणावे, अशी मुभा होती. त्या अर्धशतकांत रुप्याचा आणि रुपयाचा भाव एकच होता, आणि "रुप्याचा म्हणून रुपया" हें आजोबांचें उत्तर कधीं सोळा आणे खरें असेल, तर तें तेव्हां.

१८७० नंतर युरोपांतल्या राष्ट्रांनीं एकामागून एक रुप्याचीं नाणीं बाजूस सारून सोनें धरलें, आणि रुप्याचा भाव ढांसळूं लागला. सुमारें दोन शिलिंगांचा रुपया सव्वा शिलिंगाच्याहि खालीं घसरला. विलायतेस दरसाल सोन्याच्या हिशेबानें पैसा धाडणाऱ्या सरकारला ही मोठी अडचण झाली. म्हणून २६ जून १८९३ रोजीं टांकसाळींचीं दारें लोकांच्या रुप्याला बंद करण्यांत आलीं. रुपया मुद्दाम दुर्मिळ करून त्याची किंमत त्यांतल्या रुप्याच्या वर नेण्यांत आली. कागदावर ही चलनाची सुधारणा होती. पण ज्या शेतकऱ्यानें चांगल्या सालीं रुपये आटवून बायकोला तोडे आणि वाळे केले होते, त्याला आतां त्या दागिन्याच्या वजनाइतके रुपये मिळेनात. तीनच वर्षांनीं, १८९६ सालीं, दख्खनांत दुष्काळ पडला. १८९९ सालीं पुन्हां पडला. तोळाभर रुपें घेऊन सावकाराच्या ओट्यावर आलेल्या बाईला रुपया मिळावयाचा नाहीं, आणि तिनें रुपया द्यावयाचा तर तो मात्र पुऱ्या रुपयाच्या भावानें! रूप सरकारचें आणि रुपें रयतेचें. त्या दिवसापासून दोघांची फारकत झाली, आणि फारकतीचा खर्च रुपें बाळगणाऱ्यावर बसला. ह्या सर्व प्रकरणाचा कसून अभ्यास करून डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनीं लंडन विद्यापीठासाठीं प्रबंध लिहिला. रुपयाचा प्रश्न ह्या विषयावरील तो ग्रंथ १९२३ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. रुपया किती पाडावयाचा ह्याला कायद्याचीच मर्यादा असली पाहिजे, तें सरकारच्या मर्जीवर सोडतां कामा नये, असें त्यांचें प्रतिपादन आहे. संस्कृतज्ञांच्या भाषेंत बोलावयाचें तर, रूपदर्शकावरहि कोणी दर्शक हवा, असें तें म्हणणें.

पुढचा उतार लौकर सांगून होण्याजोगा आहे. पहिल्या महायुद्धांत रुपें मिळेनासें झालें, तेव्हां १९१७ सालीं सरकारनें एक रुपयाची नोट काढली. आणि त्या कागदावर छापलें काय, तर रुप्याच्या रुपयाचें चित्र! दुसऱ्या महायुद्धांत, १९४० सालीं, रुपयांतलें रुपें बारा भागांतल्या अकरांवरून निम्म्यावर आलें. १९४७ सालीं रुपया निकलचा झाला. आतांचा तर पोलादाचा आहे. ज्या धातूनें रुपयाला नांव दिलें, त्याचा एक कणहि रुपयांत शिल्लक नाहीं. उरलें तें केवळ रूप. म्हणजे पाणिनीच्या फोडीप्रमाणें पाहिल्यास पोलादी रुपयाहि अगदीं व्याकरणशुद्ध रूप्य आहे, कारण त्यावर रूप ठोकलेलें आहे. मुलाच्या प्रश्नाला आजोबांनीं हें उत्तर द्यावयास हरकत नाहीं. हेंच नांव पुढें नेपाळांत, पाकिस्तानांत, श्रीलंकेंत, मराठी माणसें वस्तीला असलेल्या मॉरिशसमध्येंहि चलनाला आहे. मालदीवमध्यें 'रुफिया' आणि इंडोनेशियांत 'रुपिया' आहे. रुपें कोठेंच नाहीं, रूप सगळीकडे.

आणि रुपें हा शब्द? तोहि मराठींतून हळूहळू उठून चालला आहे. सराफाच्या दुकानांत आज कोणी रुप्याचा भाव विचारीत नाहीं, चांदीचा विचारतात. पंचवीस वर्षें झालेल्या संस्थेचा रौप्यमहोत्सव होतो, पटावर चित्रपट दाखवितात तो पडदा रुपेरी असतो, केंसांत रुपेरी छटा येते, आणि भरल्या घराचें वर्णन सोन्यारुप्यानें करितात. एवढ्याच चार-दोन कोनाड्यांत तो टिकून आहे. २०१२ सालीं बँकांच्या व्यवहारासाठीं एक देशी कार्ड निघालें आणि त्याचें नांव 'रुपे' ठेवण्यांत आलें. रुपी आणि पेमेंट ह्या दोन इंग्रजी शब्दांची ती सांगड आहे, रुप्याशीं तिचा कांहीं संबंध नाहीं. परंतु वाण्याच्या दुकानांत तें नांव ऐकून एखाद्या म्हातारीच्या कानाला क्षणभर ओळखीचें माणूस भेटल्यासारखें होत असेल. कार्डावर तर ठसाहि नाहीं. आंकडे तेवढे आहेत.

लक्ष्मीपूजन आटोपलें म्हणजे डबींतले ते जुने रुपये पुन्हां मखमलींत जातात. घरांत कधीं अडचण आलीच तर त्यांतला एखादा बाहेर निघतो आणि सराफाच्या पेढीवर जातो. त्या एका रुपयाला आतां शेंकडों पोलादी रुपये पडतात. सराफ राणीच्या मुखवट्याकडे पाहत नाहीं, साल वाचीत नाहीं, दगडावर वाजवूनहि बघत नाहीं. तो तें नाणें कसाला लावतो आणि कांट्यांत टाकतो.